भरलेला वजा रिकामा

रावेर रोडला, सावद्याच्या अलीकडे, माझा वजनकाटा.
रात्री अकरानंतर केळीच्या गाड्यांची रांग
आणि केबिनमध्ये 'फुफाटा', आवाज पुरता चढवून.
बऱ्हाणपूरचा एक क्लीनर पोरगा, मुश्ताक,
काचेला नाक लावून विचारतो,
"उस्ताद, ये कौन चिल्ला रही है?"
निमी भंगाळे, म्हटलं. भुसावळची. पाच अल्बम आहेत.
"पहले कौन सा सुनूँ?"

आता हा काय प्रश्न झाला.
वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.
पावतीबुक उलटं केलं, लिहायला बसलो.

पाचवा 'मोकळं आभाळ'.
पुण्यात जाऊन केलेला, गालिच्याच्या खोलीत.
सगळं ऐकू येतं. तेच वाईट.
रमजान तडवीचा ड्रम असा वाजतो
जसं त्याला कोणी अंघोळ घालून, भांग पाडून बसवलंय.
आणि निमी तिथे म्हणते 'केळी'.
ळ. स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखा.
जी जन्मभर 'केयी' म्हणाली, 'काया' म्हणाली, 'डोया' म्हणाली,
तिच्या तोंडात हा ळ कोणी ठेवला?
एका अक्षरापायी शेवटचा नंबर.
चुकत असेन तर असेन.

चौथा 'आउटर'.
नाही, थांब. चौथा 'राख'.
दीपनगरच्या धुराड्यांवर चार गाणी,
त्यातली तीन म्हणजे एकच गाणं.
पण वाळत घातलेल्या चादरीवर बोट ओढलं की उठते
तशी एक रेघ डिगू नेहेते बेसवर ओढतो, सव्वा मिनिट.
तेवढ्यासाठी ठेवलाय.

मग 'आउटर' तिसरा.
एकच ओळ एकवीस वेळा: सिग्नल दे, सिग्नल दे.
लोको शेडमधल्या क्लिफर्डनं गिटारला
ब्रेकची वायर लावली होती असं लोक सांगतात.
खोटं. मी होतो तिथं. तारच होती, गंजलेली.
रात्री दोनला हा मला पहिला वाटतो,
सकाळी सहाला पाचवा.
काढ सरासरी.

थांब रे पोरा, तुमचीच गाडी आली काट्यावर.
भरलेली सोळा हजार चारशे वीस.
रिकामी सहा हजार चारशे चाळीस.

दुसरा 'सत्तेचाळीस'.
मे महिना, रेल्वे क्वार्टरचा पत्रा, पंखा बंद,
कारण पंखाही रेकॉर्ड होत होता.
तिसऱ्या गाण्यात धप्प वाजतं तो ड्रम नाही,
रमजान पडला.
पुढे अकरा सेकंद कोणीतरी ओरडतंय, पाणी, पाणी.
तो मी.
कव्हरवर नाव नाही माझं, पण आवाज आहे,
म्हणून हा पहिला लावत नाही.
काट्यावर बसणाऱ्यानं
आपल्याच मालाला झुकतं माप देऊ नये.

पहिला 'चीक'.
कॅसेट. नऊ गाणी, सतरा मिनिटं,
नववं अर्धंच, लाइट गेली.
केयीचा चीक शर्टाला लागतो तेव्हा दिसत नाही,
पाण्यासारखा असतो.
धुतला की काळा पडतो.
शर्ट फाटतो, पोतेरं होतं, डाग तिथंच.
अठरा वर्षांचा होतो, खांद्यावर घड,
आणि निमी पहिल्यांदा ओरडली, तुले काय त्याचं?
याच्यापुढे मला सांगता येत नाही.

रमजान आता फैजपूरला ठिबकच्या नळ्या विकतो.
क्लिफर्ड पोरीकडे, पर्थला.
डिगूचं माहीत नाही. निमी फोन उचलत नाही.
हे सगळं वजा करून पाहिलं कैकदा.
सतरा मिनिटं उरतात.

पोरानं रांगेतल्या वेळात सगळ्यांतलं थोडंथोडं ऐकलं,
पायरीवर पाय ठेवत म्हणाला,
"वो पुणेवाला सबसे मस्त है."
आणि गेला गात, 'केली, केली',
तो ळसुद्धा टिकला नाही त्याच्या तोंडात.

पहाटे टेबलावर वजनाची पावती दिसली.
माझा कागद गेला होता दिल्लीला.
नऊ हजार नऊशे ऐंशी किलोंच्या जागी
मंडीतला कोणी व्यापारी कोणाकडून तरी वाचून घेईल:
पाचवा. सगळं ऐकू येतं.
तेच वाईट.